कानाचा मिस्त्री

“मारा सेल्फ,” मी म्हणालो आणि रणनवरेसाहेबांनी किल्ली फिरवली.

मला काहीच ऐकू आलं नाही. आता गाडी मुकी होती की मी बहिरा, एवढंच ठरवायचं होतं आणि नेमकं तेच मला ठरवता येत नव्हतं.

“परत मारा,” मी म्हणालो. साहेबांचं मनगट परत फिरलं. मी भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडांकडे पाहिलं. आवाज झाला की माणसाची मान जराशी वळते, भुवई हलते. पण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, गाडीवर नव्हत्या. मी काय सांगतो याची ते वाट बघत होते.

दिवस खंडेनवमीचा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज. त्या दिवशी आमच्याकडे पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडे, जॅक सगळं धुऊन पुसून लाल कापडावर मांडतात, झेंडूची फुलं वाहतात, नारळ फोडतात. एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी हा नियम कधी मोडला नाही. एका खंडेनवमीला आमदाराची जीप दारात बंद पडली, तर वडिलांनी आमदाराला टांगा करून दिला होता. मीही तो नियम पाळत आलो.

रणनवरेसाहेबांची गाडी दरवर्षी पूजेला माझ्या दारात येई. अमेरिकन गाडी, दोन दरवाजांची, आठ सिलिंडरची, रंगानं तांबूस पिवळी. साहेब तिला वाघीण म्हणत. गॅरेजात घेतली तर बोनेट आत आणि साहेब रस्त्यावर, एवढी ती लांब. आमच्या भागात असली ती एकच गाडी आणि तिची दुखणी जाणणारा मीही एकटाच. निदान लोक तसं म्हणत आणि मी म्हणू देत असे.

मला कानाचा मिस्त्री म्हणत. जुन्या गाडीची किल्ली फिरवली की ती बोलते. एकदाच टक् झालं तर दुखणं वेगळं. टरर्र वाजलं तर बॅटरी उतरलेली, नाहीतर अर्थची वायर सैल. नुसतंच घर्र फिरलं तर इंजिनाला ढकलणाऱ्या त्या सेल्फच्या मोटरचे दात पकडत नाहीत. आणि अजिबात काही वाजलं नाही, तर करंटच पोचलेला नाही, गियरच्या दांड्याखालचा स्विच बघायचा. बोनेट न उघडता, पाठ करून उभा राहून मी हे सांगत असे. पैजा लागत आणि मी त्या जिंकत असे.

मग कान गेले. लहानपणी दोन्ही कान वाहायचे, आई गरम तेल घालायची. तेव्हाच्या त्या दुखण्यानं चाळिशीत डोकं वर काढलं. एकदम नाही, हळूहळू. पाखरं गेली, मग बायकोची स्वयंपाकघरातली हाक गेली, मग इंजिनाचे बारीक आवाज गेले. मी कुणाला सांगितलं नाही. मी सोंगाड्या निघालो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ दातांत धरायची. हवेतून न येणारा आवाज दातांतून कवटीत येतो, हे मला अपघातानंच कळलं होतं. लोकांना वाटलं, ही मिस्त्रींची लकब. उद्यमनगरातले दोघं-तिघं धडधाकट कानांचे मिस्त्रीसुद्धा स्क्रूड्रायव्हर दातांत धरायला लागले. मला हसू यायचं. भीतीही वाटायची.

त्या सकाळी माझा तो स्क्रूड्रायव्हर लाल कापडावर, हळदीकुंकू लावून, फुलांखाली निजला होता.

रणनवरेसाहेब एकटे आले असते तर प्रश्न नव्हता. त्यांच्याबरोबर पुण्याचे लिमये होते. लिमयांकडे जुन्या गाड्यांची मोठी शेड होती आणि त्या सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. नव्या गाड्या तेव्हा सुरू झाल्या होत्या, कॉम्प्युटर लावून दुखणं सांगणाऱ्या. माझ्या दारातली गर्दी ओसरत चालली होती. लिमयांच्या गाड्या मिळाल्या तर गॅरेज टिकेल, नाहीतर दोन वर्षांत कुलूप, हे मला दिसत होतं. सकाळीच पन्हाळ्याला चक्कर मारून दोघं थेट माझ्याकडे आले होते आणि साहेबांनी रस्ताभर माझ्या कानाची कीर्ती त्यांना सांगितली होती. पूजा झाली, पेढे झाले, निघायचं म्हणून किल्ली फिरवली आणि वाघीण हलेना.

“काय म्हणते मिस्त्री?” साहेबांनी हसत विचारलं. त्यांना गंमतच वाटत होती. आयतीच परीक्षा.

मी डोळे मिटले, मान हलवली, सगळं नाटक यथासांग केलं. आणि म्हणालो, “बॅटरी बसलीया.”

लिमयांनी आत हात घातला आणि दिव्याचं बटण ओढलं. समोरच्या भिंतीवर, भर उजेडात, दोन दिवे लख्ख पडले. कुणीतरी हसलं. हसणं मला ऐकू येत नसे, दिसत असे.

बॅटरी बसली म्हणण्याआधी दिवे लावून बघायचे, हे गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. घाबरलेला माणूस आधी बोलतो आणि मग बघतो, तसं झालं.

“मग गियरचा स्विच,” मी घाईनं म्हणालो. “दांडा जरा हलवून बगा साहेब. न्यूट्रलला घ्या आनि मारा.”

साहेबांनी दांडा हलवला. इकडे घेतला, तिकडे घेतला, किल्ली फिरवली. काही नाही.

लिमये माझ्या समोर येऊन उभे राहिले. गोरे, चष्मा, मिशी नाही. त्यांचा शब्द न् शब्द मला ओठांवर दिसला.

“अहो मिस्त्री, स्विच गेला असता तर आवाजच आला नसता. आवाज तर येतोय. ऐकू येत नाही का तुम्हाला?”

असं आपण दिवसातून दहा वेळा कुणालाही म्हणतो. त्यांनीही तसंच म्हटलं होतं. पण मला तो खराच प्रश्न वाटला. मी साहेबांकडे पाहिलं. ते हसायचे थांबले होते.

“एवढं काय,” साहेब म्हणाले, “तुमचा तो स्क्रूड्रायव्हर घ्या ना. एका मिनिटाचं काम.”

“खंडेनवमी हाय साहेब.”

“अरे हो. राहिलं.” साहेब जुन्या वळणाचे. त्यांनी पुढे आग्रह केला नाही. लिमयांनी मात्र घड्याळ पाहिलं आणि साहेबांना काहीतरी सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यामुळे काय ते मला कळलं नाही. पण साहेबांनी मान खाली घातली. माझ्यामुळे त्यांना खाली बघावं लागलं, हे मला दिसलं.

इतका वेळ दस्तगीर दाराशी उभा होता. दस्तगीर मुलाणी माझा वायरमन. गाडीतली वायरिंगची सगळी कामं त्याची. माझ्याहून थोडा लहान, आमची लग्नंही एकाच साली झालेली. माझ्या वडिलांच्या हाताखाली आम्ही दोघं काम शिकलो. मोठा मिशीवाला गडी होता तो. पिळदार, काळीभोर मिशी, तालमीतल्या पैलवानांनी हेवा करावा अशी. पण काही वर्षांपूर्वी एक दिवस तो सफाचट होऊन आला आणि तेव्हापासून मी त्याला सोडलं नव्हतं. बायकोनं उतरवली का, गहाण टाकली का, मिशी गेली आणि मागं गहाणाचा नुसता दस्त राहिला, काय वाटेल ते. चारचौघांत तर हटकून. अगदी त्या सकाळीही साहेबांनी विचारलं होतं, “दस्तगीर, औंदा पण मिशी नाही?” आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो होतो, “ती आता वैनी लावत्यात साहेब.” सगळे हसले होते. दस्तगीरही हसला होता.

तो आता पुढे आला. थेट माझ्या समोर.

“मिस्त्री,” तो मोठ्यानं म्हणाला, “गाडी चालू हुईल कशी? समद्या हत्यारास्नी नमस्कार केलासा, आनि हिच्या पाया कुटं पडलासा? रुसलीया ती.”

“दस्तगीर, आता चेष्टा नको,” मी म्हणालो.

“चेष्टा न्हाई. वडील करत हुते का न्हाई? डोकं टेकून?”

वडील हत्यारांना डोकं टेकत, गाडीला कधीच नाही. दस्तगीरला ते माझ्याइतकंच माहीत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं माझा दंड धरला. गाडीच्या उजव्या अंगाला, पुढच्या मडगार्डपाशी नेऊन मला उभं केलं. तिथे पत्र्यावर कुंकवाचं एक बोट होतं. पूजेत कुंकू बोनेटवर लावतात. ते मडगार्डवर कुणी लावलं आणि कधी, मला कळलं नव्हतं.

“हितं टेका,” तो म्हणाला. “ह्या कुंकवावर. आनि म्या म्हनेस्तवर उटायचं न्हाई.”

त्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, बरोबर त्या जागी, रिलेची डबी असते. किल्ली फिरवली की करंट आधी तिथे येतो, डबी टक् करते आणि मग पुढचा जोर खाली सेल्फला जातो. दस्तगीर वायरमन. ती डबी कुठे आहे हे त्यानं मला दाखवायची गरज नव्हती. मला तिथे उभं करायची होती.

तेव्हा मला कळलं. त्याला माहीत होतं.

मी हात जोडले आणि कपाळ पत्र्याला टेकलं. मागे लोकांनीही हात जोडले असतील. मला सरळ पळून जावंसं वाटत होतं. लाजेनं कान तापले. तेवढंच काम ते अजून चोख करत होते.

दस्तगीरनं साहेबांना उठवून स्वतः किल्ली घेतली असावी, कारण लगेच माझ्या कवटीत आवाज झाला.

टक्.

स्वच्छ, एकटा. मग त्याच्या मागोमाग, खोल खाली, भरलं पोतं उचलताना हमाल कण्हतो तसा एक दबका हुंकार. आणि शांतता. दस्तगीर थांबला. परत किल्ली. टक्, आणि तो हुंकार. त्यानं घाई केली नाही. जितक्या वेळा मला हवं होतं तितक्या वेळा त्यानं ते मला ऐकवलं.

म्हणजे करंट येत होता. रिले ठीक होती. सेल्फ जिवंत होता, उठायला बघत होता, पण उठता येत नव्हतं. आणि साहेब तर लिमयांना गाडीचा जोर दाखवायला पन्हाळ्याचा घाट चढून उतरून आले होते! या गाडीत सेल्फची मोटर धुराच्या नळकांड्याला अगदी चिकटून असते. घाटात नळकांडं लालभडक तापलं, त्याच्या धगीनं मोटर आतून फुगून आवळली. दुखणं एवढंच होतं. याला हत्यार लागत नाही, धीर लागतो.

मी कपाळ उचललं. कुंकू माझ्या कपाळाला लागलं होतं.

“सेल्फ तापलाय,” मी म्हणालो. “बाकी काय झालेलं न्हाई. पोतं भिजवून आना. पानी ओतायचं न्हाई, नळकांडं तडकंल. पोतं पिळून नुसतं मोटरीला टेकवायचं. आनि चहा घ्या समद्यांनी.”

दस्तगीर स्वतः गाडीखाली शिरला. चहा आला, लोक बसले. मी बसलो नाही. लिमये माझ्याशी काही बोलले, मी नुसती मान हलवली. दुसरा चहा संपत आला तेव्हा दस्तगीर धूळ झटकत बाहेर आला आणि साहेबांना त्यानं बोटानं खूण केली. साहेबांनी किल्ली फिरवली. मला आवाज लागला नाही, पण पायाखालची फरशी थरथरली आणि झेंडूची फुलं लाल कापडावरून घरंगळली. वाघीण उठली होती.

साहेबांनी मला मिठी मारली. लिमये हात हातात घेऊन म्हणाले, “काय कान आहे हो तुमचा! नुसता नमस्कार करता करता ऐकलंत. दिवाळीनंतर पहिली गाडी पाठवतो.”

मी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला. दस्तगीर मागे पोतं पिळत होता.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. तो नेहमीसारखा बाकावर आडवा, माझ्याकडे तोंड करून बसला. तो नेहमी तसाच बसतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“तुला ठावं हाय,” मी म्हणालो.

“काय?”

“दस्तगीर.”

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले. “मिस्त्री, एकदा ट्रक मागं येत हुता बगा, आपल्याच दारात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. तुमी वाकून नट हुडकत हुता. म्या तुमास्नी ढकललं.”

मला आठवलं. मी त्याची आयमाय काढली होती. कोपर फुटलं म्हणून, काम मोडलं म्हणून. मागे ट्रक होता हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मी वळून पाहिलं नव्हतं.

“तवापासनं?”

“तवापासनं.”

“आनि आज तो टक् आवाज तुला पहिल्या किल्लीलाच ऐकू आला आसंल.”

“आला की.”

“मग बोलला का न्हाईस? तूच सांगायचं. तुझं नाव झालं आसतं.”

त्याला प्रश्नच समजला नाही. निदान चेहऱ्यावर तसं दिसलं. “कानाचा मिस्त्री कोन हाय हितं? तुमी का म्या?” तो म्हणाला.

मी न राहवून विचारलं, “आनि कुनाला ठावं हाय?”

त्यानं आधी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “समद्यांस्नी. चहावाला हितं दारातनं हाक मारतो का? न्हाई. आत येतो, तुमच्या म्होरं हुबा ऱ्हातो आनि इचारतो. वैनी तर कवापासनं हाताला हात लावून बोलत्यात. तुमी माझ्यावर वराडता, तोंडातल्या तोंडात काय बोलतोस, पान थुक आधी. म्या पान सोडलं. तरी तुमी वराडत हुता.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. गॅरेजात एवढी माणसं येत-जात, सगळ्यांचं बोलणं मला अर्धंमुर्धं कळे, अंदाजानं ढकलावं लागे. एकट्या दस्तगीरचं मला सगळं कळायचं. मला वाटायचं, सवय झाली आहे. एवढ्या वर्षांची सोबत आहे.

“मिशी,” मी म्हणालो.

त्याचा हात वरच्या ओठाकडे गेला आणि परत आला.

“तिच्यात शब्द अडकत हुते,” तो म्हणाला. “तुमी तोंडाकडं बगून बोलता, आनि माजं तोंड दिसतच न्हवतं.” मग हसून म्हणाला, “केसच ते. त्येचं काय.”

कोल्हापुरात मिशी म्हणजे नुसते केस नसतात, हे मला आणि त्याला, दोघांनाही माहीत होतं. त्याच्या थोरल्याच्या लग्नात तो सफाचट तोंडानं मांडवात उभा होता. पाहुण्यांत कुजबुज झाली, म्हातारे त्याच्याकडे बघून हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. आणि सकाळीच, पूजेच्या ताटासमोर, मी त्याचं परत एकदा हसं केलं होतं.

आपला माणूस आपल्याला झाकत राहिला आणि आपण त्यालाच उघडा पाडत राहिलो. बहिरेपणाची लाज मी इतकी वर्षं पोटात दाबून ठेवली होती. ती त्या बाकावर निघून गेली. तिच्या जागी जी बसली ती मात्र अजून उठलेली नाही.

“माफ कर,” असं मी म्हणालो की नुसते ओठ हलवले, मला आठवत नाही. तो म्हणाला, “पोतं वाळत घालतो,” आणि उठला.

दसरा झाल्यावर मी मिरजेच्या डॉक्टरांना कान दाखवले. आतली नस शाबूत आहे, वाट अडली आहे, मशीन लावा, असं ते म्हणाले. मी मशीन लावलं, ते दिसेल असंच लावलं. दिवाळीनंतर लिमयांची गाडी आली, बरोबर लिमयेही आले. मी त्यांना मशीन दाखवलं आणि त्या दिवशी कपाळानं ऐकलं होतं हे, आणि ते कुणी ऐकवलं तेही, सगळं सांगितलं. दस्तगीरकडे वळून त्यांनी त्याला नमस्कार केला. त्यांच्या दोन गाड्या आल्या, बाकीच्या पुण्यातच राहिल्या. गॅरेज कसंबसं टिकलं.

मशीन लावून मी गॅरेजात आलो त्या दिवशी दस्तगीर माझ्याकडे पाठ करून वायर सोलत होता. मी दारातून म्हणालो, “काय तरी बोल.”

“काय बोलू?” तो पाठमोराच म्हणाला.

“ऐकू आलं,” मी म्हणालो. “आता ठेव मिशी.”

त्यानं ठेवली. पुढच्या खंडेनवमीला तो लाल कापडावर हत्यारं मांडत होता तेव्हा ती चांगली भरली होती. पीळ तोच होता. पण ती काळी आली नाही. सगळी पांढरी आली.